हिरवं घर

प्रणिताची तक्रार चौथ्यांदा निकाली निघाली ती भूकंपानंतरच्या तेविसाव्या दिवशी, सकाळी सव्वादहाला. निकाली म्हणजे काय, तर कुणी आलं नाही, कुणी पाहिलं नाही, कुणी साधा फोनही केला नाही. मोबाइलवर फक्त एक ओळ उमटली: ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. आमच्या सेवेला पाचपैकी गुण द्या.’ प्रणिताने शून्य द्यायचा प्रयत्न केला. शून्याची सोयच नव्हती. कमीत कमी एक गुण तरी द्यावाच लागत होता.

तक्रार एका वाक्याची होती. करडवाडीतली अडतीस घरं हिरवी दाखवली जात आहेत, ती लाल आहेत. यात न समजण्यासारखं काय होतं, हे तिला दहा दिवसांत कळलं नव्हतं. वर पुन्हा गंमत अशी, की ज्या कार्यालयाकडे ती तक्रार करत होती, त्याच कार्यालयाची ती नोकर होती. जिल्ह्याच्या घरपारख कक्षात तंत्रसहायक. करडवाडीच्या भिंतींवर घराची पारख करणाऱ्या पट्ट्या दोन वर्षांपूर्वी तिनेच बसवल्या होत्या, आणि त्या अडतीस घरांतलं एक घर तिच्या वडिलांचं, वैजनाथअप्पांचं होतं.

पट्टी म्हणजे साबणाच्या वडीएवढी डबी. गाव तिला ‘कान’ म्हणायचं आणि ते काही चूक नव्हतं. बाजारात माठ घेताना बायका बोटाने टिचकी मारून पाहतात. चांगला माठ खणकन वाजतो, तडा गेलेला बद्द वाजतो. घराचंही तसंच असतं. वारा, रस्त्यावरून जाणारा ट्रॅक्टर, घरातल्या माणसांची ये-जा, यांनी प्रत्येक घर सतत अगदी बारीक थरथरत असतं आणि प्रत्येक घराची थरथरण्याची आपली अशी एक गती असते. अप्पांच्या घराची गती होती सेकंदाला सहा पूर्णांक चार वेळा. भिंत आतून खिळखिळी झाली की ही गती उतरते. पट्टी तो आकडा ऐकून जिल्ह्याला कळवते. मूळ आकड्याच्या जवळपास असेल तर घर हिरवं, फार खाली गेला तर लाल. लाल घरवाल्याला आधी पत्र्याची शेड आणि मग नवं घर. हिरव्या घरवाल्याने आपल्या घरी जावं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी सहा चाळीसला भूकंप झाला. बहुतेक लोक उठून बाहेर पडले होते म्हणून गावात नऊच माणसं गेली. प्रणिता तालुक्याहून मोटारसायकलवर आली, तेव्हा अप्पा अंगणात बसले होते आणि धारेची चरवी त्यांच्या हातात तशीच होती. दूध सांडलं नव्हतं. ती चरवी त्यांच्या हातातून सोडवून घ्यायला तिला बराच वेळ लागला.

काही घरं पडली होती. माळवदाची अडतीस घरं उभी होती, पण सगळी लाल. अप्पांचा आकडा चार पूर्णांक नऊवर आला होता. हादरे तर दिवसातून चार-दोनदा येतच होते. माळवद म्हणजे लाकडी फळ्या, त्यावर पाला आणि त्यावर दीड-दोन फूट पांढरी माती. दर वर्षी पावसाआधी तीत नवी भर पडते, म्हणजे छत गळत नाही. उन्हाळ्यात असं घर थंडगार राहतं, पण भूकंपात ती माती माणसांच्या उरावर येते. प्रणिता गल्लोगल्ली ओरडत फिरली होती, “आधी माती उतरवा, बाहेर शिडी लावून उतरवा, पण उतरवा.” सल्ला बरोबर होता. आजही कुणी विचारलं असतं तरी तिने तोच दिला असता. सहा दिवसांत अडतीस माळवदं बोडकी झाली आणि प्रत्येक अंगणात पांढऱ्या मातीचा ढीग लागला.

आणि बाराव्या दिवशी अडतीसच्या अडतीस घरं हिरवी झाली.

खरं सांगायचं तर पहिला अर्धा दिवस प्रणितालाही आनंदच झाला. “अप्पा, घर हिरवं झालं,” असं तिनेच हसत जाऊन सांगितलं. पट्ट्या हादऱ्यांनी बावचळल्या होत्या, आता स्थिरावल्या, असं जिल्ह्याने कळवलं आणि तिने ते मानलं. दुसऱ्या दिवशी तिने आकडे मांडून पाहिले आणि लगेच पहिली तक्रार केली.

कारण गती दोन गोष्टींनी बदलते. भिंत कमजोर झाली तर उतरते आणि डोक्यावरचं ओझं कमी झालं तर चढते. रिकामी घागर आणि भरलेली घागर टिचकीला सारखी वाजत नाही. भरलेली खालच्या सुरात वाजते. अप्पांच्या भिंतीची निम्मी ताकद गेली होती म्हणून आकडा उतरला, मग माती काढली म्हणून तो चढला, आणि चढता चढता सहा पूर्णांक दोनवर, म्हणजे मूळच्या जवळ येऊन बसला. पट्टीने ऐकलं ते खरंच ऐकलं होतं. माती काढली आहे, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायची सोयही कुणी ठेवली नव्हती. ज्या शहाण्यांनी ती पट्टी बनवली, त्यांना माळवद नावाची गोष्ट पाठीवर माती घेऊन जगते हेच ठाऊक नव्हतं.

आता चौथी तक्रार निकाली निघाल्यावर ती अप्पांच्या शेडमध्ये शिरली. बाहेर बेचाळीस अंश होतं, पत्र्याखाली किती असेल ते मोजायची तिची हिंमत नव्हती. अप्पा धोतराच्या सोग्याने मान पुसत बसले होते. समोर वीस पावलांवर त्यांचं घर उभं होतं, चुना लावलेलं, एक चीर न दिसणारं.

“सोमवारी शेड न्यायला ट्रक येनार हाय म्हणे,” अप्पा म्हणाले. “बरंच झालं. मी आजच सामान हलवतो.”

“अप्पा, किती येळा सांगू? भिंत आतून पोकळ झालीय. दगडाचे दोन्ही पदर सुटलेत, मधली भर खाली बसलीय. वरून दिसत न्हाई.”

“तुला दिसतंय का?”

“आकड्यावरून कळतंय.”

“आकडा हिरवा म्हणायलाय.”

“आकडा चुकायलाय, अप्पा.”

अप्पांनी तिच्याकडे नीट पाहिलं. बहात्तर वर्षांचा माणूस, डोळे मात्र अजून जरबेचे. “दोन सालामागं ह्याच अंगणात तू काय सांगितलीस? यंत्र खोटं बोलत न्हाई, मानूस बोलतो. साऱ्या गावासमोर सांगितलीस. मी तुझ्या शब्दावर भिंतीला भोक पाडू दिलो. आता यंत्र म्हणायलंय घर चांगलं हाय, तर तू म्हणायलीस यंत्र खोटं. मी कुन्या प्रणिताचं ऐकू?”

प्रणिताने पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

“मागच्या भूकंपाला मी बावीस वर्षांचा होतो,” अप्पा म्हणाले. “दोन उन्हाळे पत्र्याखाली काढलो. तुझ्या आज्यानं पत्र्याखालीच जीव सोडला, पानी पानी करत. तवाच ठरवलो होतो, पुन्हा पत्र्याखाली मरायचं न्हाई. मेलो तर माळवदाखाली मरीन.”

“तेच व्हईल, अप्पा,” ती म्हणाली आणि बाहेर पडली. बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं, पण मागे फिरून ते सांगायचं त्राण तिच्यात नव्हतं.

शेडवाटप बघणाऱ्या निटुरेसाहेबांचं कार्यालय सध्या तालुक्याच्या शाळेत, पाचवीच्या वर्गात होतं. ते वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर प्रणिताला मनसोक्त भांडता तरी आलं असतं. दोनशे बारा गावं त्यांच्याकडे होती, डोळे लाल होते आणि शर्टाच्या कॉलरवर घामाचे पांढरे थर होते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, घागरीचं उदाहरणही ऐकलं आणि मान डोलावली.

“पटतंय मॅडम. पण रंग बदलायला माझ्या स्क्रीनवर जागाच नाही. हे बघा, नुसतं बघता येतं.”

“मग जिल्ह्याला लिहा.”

“लिहिलं. ते म्हणतात, माणसाच्या सांगण्यावरून रंग बदलायचा नाही, हाच तर योजनेचा पाया आहे. मागच्या भूकंपात माणसांनीच घरं ठरवली होती. वजनदार माणसाचं धडधाकट घर पडीक लागलं आणि गरिबाचं पडीक घर धडधाकट. म्हणून माणसाचा हात नको, असं ठरलं.” त्यांनी समोरची फाइल मिटली. “तुमच्या ग्रामसभेत हे वाक्य तुम्हीच म्हणाला होता. टाळ्याही पडल्या होत्या.”

प्रणिताला त्या टाळ्या चांगल्या आठवत होत्या.

“पट्ट्या काढून टाकल्या तर?”

“तर शेवटची निश्चित नोंद धरतात. तीही हिरवीच. आणि शेडचं म्हणाल, तर पलीकडे हासेगव्हाणात दोन बाळंतिणी चिंचेखाली आहेत. अडतीस शेड हिरव्या घरांसमोर ठेवून मी त्यांना काय सांगू?” निटुऱ्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “पट्टीला लाल दाखवू द्या. त्या मिनिटाला शेड कायम करतो. माझ्या हातात एवढंच आहे.”

परतीच्या वाटेवर ती सगळ्यांवर चिडली होती. निटुऱ्यांवर, जिल्ह्यावर, अप्पांवर आणि सगळ्यात जास्त दोन वर्षांपूर्वी माइक हातात धरून टाळ्या घेणाऱ्या स्वतःवर. करडवाडीच्या वेशीत शिरताना तिला अंगणाअंगणांतले पांढरे ढीग दिसले आणि तिने मोटारसायकल थांबवली. पट्टीला लाल दाखवू द्या, असं साहेब म्हणाले होते. पट्टीला खरं ऐकवायचं तर तिचं ओझं तिला परत द्यायला हवं होतं.

अप्पांना तिने वेगळ्या शब्दांत सांगितलं. “अप्पा, तुमचंच खरं धरू. घर चांगलं हाय. मग पावसाआधी माती तर टाकायचीच हाय नं? ती आजच टाकू. तोच ढीग, तेच माळवद. आकडा पयल्यासारखा सहा पूर्णांक चार आला, तर मी सवता तुमचं सामान आत नेते. पुन्हा एक शब्द बोलत न्हाई.”

“आन न्हाई आला तर?”

“तर तुम्ही आत जायचं न्हाई.”

अप्पांनी विचार केला. माती टाकायचीच होती, हे त्यांना नाकारता येईना. “चल,” ते म्हणाले.

शेजारच्या गल्लीत ढिगारे उचलणारा जेसीबीवाला अर्ध्या तासासाठी आला. वर कुणी चढायचं नाही, आत कुणी जायचं नाही, एवढं तिने त्याला चारदा बजावलं. समोरच्या घरची सुगलाबाई, अप्पांसारखीच हिरव्या घराची मालकीण, पदर डोक्यावर ओढून बघायला उभी राहिली. मोबाइल प्रणिताने अप्पांच्याच हातात दिला.

जेसीबीवाल्याने पहिली खेप हळूच माळवदावर सोडली आणि इंजिन बंद केलं. आकडा ठरायला पाच मिनिटं लागायची.

“सहा,” अप्पांनी वाचलं.

दुसरी खेप पडली. पाच पूर्णांक सहा. तिसरीला पाच पूर्णांक दोन. चौथी टाकताना ढिगाच्या तळाची माती खरवडून घेतली आणि अंगण पुन्हा अंगणासारखं दिसायला लागलं. अप्पा मोबाइल डोळ्यांजवळ धरून बसले होते. पाच मिनिटं झाली, सात झाली, तरी ते वाचेनात.

“किती, अप्पा?”

“चार पूर्णांक सात.”

“भूकंपाच्या दिवशी चार पूर्णांक नऊ होता. मधल्या हादऱ्यांनी अजून उतरलाय.”

अप्पांनी मोबाइल तिच्याकडे दिला. मग ते उठून भिंतीजवळ गेले आणि मडक्याला मारावी तशी बोटाने भिंतीला टिचकी मारली. दोन हात जाडीची दगडी भिंत टिचकीला काय वाजणार? तरी ते कान लावून उभे राहिले. “मंजे, माती तेवढीच,” ते हळूच म्हणाले, “आन सूर खाली.”

“व्हय.”

“ही भिंत माझ्या बापानं बांधली,” ते म्हणाले. संध्याकाळच्या आत त्यांनी आपली बाज घरापासून आणखी लांब, कडुलिंबाखाली नेऊन टाकली. त्या दिवशी, तेवीस दिवसांत पहिल्यांदा, प्रणिताने पोटभर जेवण केलं.

घर मात्र हिरवंच राहिलं. तिने स्क्रीन उघडून पाहिली, बंद करून पुन्हा उघडली. मग मदतवाहिनीला फोन लावला. चाळीस मिनिटं बासरी ऐकल्यावर एका मुलीने गोड आवाजात सांगितलं, की भूकंपाचा दिवस सोडला तर रंग एका दिवसाच्या आकड्यावर बदलत नाही, सात दिवसांची सरासरी लागते.

“आज गुरुवार आहे. सोमवारी शेड जाणार.”

“हो मॅम. पुढच्या गुरुवारी आपलं घर लाल होईल. तेव्हा आपण शेडसाठी नव्याने अर्ज करू शकता. आणखी काही मदत करू?”

प्रणिताने फोन ठेवला. नाहीतर तो तिने भिंतीवर फेकला असता, आणि गावात फेकायला भरवशाची भिंतही उरली नव्हती.

रविवारी सकाळी साडेअकराला हादरा आला. फार मोठा नव्हता. कडुलिंबाचा पाला सळसळला, सुगलाबाईच्या ओट्यावरची कळशी घरंगळली आणि अप्पांच्या घराची पुढची भिंत पोटातून फुगली. बाहेरचा पदर अंगणात आला, आतला आत गेला आणि माळवद सगळ्या मातीसकट सरळ खाली बसलं. घरात अप्पांची बाज जिथे असायची, तिथे आता छातीएवढा ढीग होता. धूळ खाली बसेपर्यंत दोघंही कडुलिंबाखाली एकमेकांचा हात धरून उभी होती. प्रणिताला रडू आलं आणि तिने ते आवरलं नाही.

“माती टाकली म्हनून पडलं,” सुगलाबाई म्हणाली. “उगं पोरीच्या नादाला लागलाव, अप्पा.”

प्रणिताच्या मनात तेच आलं होतं. माती नसती तर कदाचित घर आज उभं असतं. पण दहा-पंधरा दिवसांत माती पडणारच होती आणि तेव्हा खाली अप्पा झोपलेले असते. हे ती सुगलाबाईला सांगू लागली, तर ती मान हलवत घरात निघून गेली. “माझ्या माळवदावर माती न्हाई. माझं हिरवं हाय. त्या पत्र्याच्या भट्टीत मी आता एक दिस ऱ्हात न्हाई.”

प्रणिताने मोबाइल पाहिला. ‘पट्टीशी संपर्क नाही. शेवटची निश्चित नोंद: हिरवे.’

सोमवारी दहाला ट्रक आला आणि पाठोपाठ जीपमधून निटुरेसाहेब उतरले. हातात टॅब होता. करडवाडी, घर क्रमांक एकवीस, वैजनाथ शिवलिंग बिराजदार. त्यांनी टॅबवर पाहिलं, मग समोर पाहिलं, मग पुन्हा टॅबवर पाहिलं. ट्रकवरचे दोघे पत्र्याचे बोल्ट काढायला पाना घेऊन उभे होते, तेही थांबले.

अप्पा बाजेवरून उठले. त्यांनी टोपी नीट केली, पाहुण्याला करतात तसा नमस्कार केला आणि ढिगाऱ्याकडे हात दाखवला.

“या साहेब. आत या. घर हिरवं हाय. च्या घेऊनच जावा.”

निटुऱ्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता, तो त्यांनी पुसलाही नाही. समोरच्या घरातून तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि त्यांनी दचकून मान वळवली.

“तिथं कोण आहे?”

“सुगलाबाई,” प्रणिता म्हणाली. “काल दुपारी राहायला गेल्या. घर क्रमांक बावीस, हिरवं. हे धरून अशी सदतीस उभी आहेत, साहेब. त्यांतल्या अकरा घरांत कालपासून माणसं गेलीत.”

निटुरे भराभरा चालत समोर गेले. ओट्यावर चढले. उंबऱ्यापाशी त्यांनी उजवा पाय उचलला, दारावरच्या आडव्या दगडाकडे पाहिलं, आणि पाय मागे घेतला. मग ओट्यावरूनही खाली उतरून, चांगले चार हात लांब उभे राहून त्यांनी हाक मारली, “बाई, जरा बाहेर या. लगेच या. गॅस बंद करा आणि या.”

सुगलाबाई हातातला पळा तसाच घेऊन दारात आली. “का वो साहेब? तुमचंच यंत्र हिरवं म्हणायलंय की. तुम्हीच या आत.”

साहेब जागचे हलले नाहीत. ते प्रणिताकडे वळले. “मॅडम, मी जिल्ह्याला काय लिहू? माझ्याकडे पुरावा काय? आकडे हिरवे, नियम हिरवा. मी नेमकं लिहू काय?”

प्रणिताने पिशवीतून आपली वही काढली. तीत सदतीस नावं होती, गल्लीवार, घरात माणसं किती त्यासकट. तिने वही त्यांच्या टॅबवर ठेवली आणि वर आपलं पेन ठेवलं.

“तुम्ही आत गेला नाहीत,” ती म्हणाली. “तेवढंच लिहा.”